वॉरस्पाइट: जिचं नशीब बॉयलर रूममध्ये ठरलं

आगवाला

ब्रिटिश नौदलाच्या वॉरस्पाइट या युद्धनौकेचं नाव निघालं की गप्पा तिच्या पंधरा इंची तोफांकडे वळतात, नाहीतर पहिल्या महायुद्धात जर्मन नौदलाशी झालेल्या जटलंडच्या लढाईत सुकाणू अडकून तिने मारलेल्या गिरक्यांकडे. दोन्ही गोष्टी सांगण्यासारख्या आहेतच. पण माझी सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आणि मला या जहाजाचं मोठेपण पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यांवर दिसतं. ही नौका कागदावर होती तेव्हाच ठरलं की हिच्या बॉयलरांत कोळसा जाणार नाही, फक्त तेल जळेल. १९१२ सालचा हा निर्णय. पुढची तीस वर्षं तिने जे केलं त्यातलं बरंचसं या निर्णयामुळे शक्य झालं, असं माझं ठाम मत आहे. ते मांडायला हा धागा काढतोय.

आधी तोफांचं सांगून टाकतो, कारण सुरुवात तिथूनच झाली. १९०६ साली ड्रेडनॉट पाण्यात उतरली तेव्हा तिच्या तोफा बारा इंची होत्या. पाच-सहा वर्षांत ब्रिटिश साडेतेरा इंचांवर गेले, अमेरिका आणि जपान चौदा इंचांकडे निघाले. १९११ च्या ऑक्टोबरात विन्स्टन चर्चिल नौदलमंत्री झाले आणि त्यांनी थेट पंधरा इंचांचा हट्ट धरला. अशी तोफ तेव्हा अस्तित्वातच नव्हती. एक तोफ घडवायची, तिची चाचणी घ्यायची आणि मग जहाजाचा आराखडा पक्का करायचा, हा रीतसर मार्ग. त्यात अख्खं वर्ष गेलं असतं. निवृत्त झालेले ॲडमिरल फिशर मागून जोर लावत होतेच. शेवटी चाचणीची वाट न पाहता तोफांची ऑर्डर दिली गेली. एक तोफ मात्र बाकीच्यांच्या चार महिने आधी तयार करवून घेतली, म्हणजे काही चुकलं असलं तर लवकर कळावं. बातमी फुटू नये म्हणून कागदोपत्री तिला ‘चौदा इंची प्रायोगिक’ म्हटलं गेलं. तोफ उत्तम निघाली. एका गोळ्याचं वजन सुमारे ८७० किलो.

आता गणित बघा. आधीच्या आयर्न ड्यूक वर्गात साडेतेरा इंची दहा तोफा, पाच टरेटमध्ये (टरेट म्हणजे तोफांचा फिरता, चिलखती बुरूज). नव्या आराखड्यात पंधरा इंची आठ तोफा, चार टरेटमध्ये. आठ तोफांची एक फैर जवळजवळ सात टनांची, जुन्या दहांची साडेसहा टनांच्याही आत. म्हणजे जहाजाच्या मधला टरेट काढून टाकला तरी मारा वाढलेलाच. आणि त्या मधल्या टरेटखाली, त्याच्या दारूगोळ्याच्या कोठाराखाली जी जागा मोकळी झाली ती जहाजाच्या ऐन पोटातली, म्हणजे बॉयलरांसाठी सर्वांत मोक्याची. तिथे चोवीस यारो बॉयलर बसवले आणि पार्सन्स टर्बाइनना ७५,००० अश्वशक्तीची वाफ मिळाली. आयर्न ड्यूकची ताकद होती २९,०००. एका पिढीत अडीचपट! वेग सव्वाएकवीस नॉटवरून चोवीसवर गेला. आराखड्यात पंचवीस धरले होते. तेवढे मिळाले नाहीत, कारण बांधता बांधता वजन वाढलं.

एवढी वाफ कोळशावर काढायची तर स्टोकरांची फौज लागली असती. कोळशाच्या जहाजावर बंकरमधून कोळसा उपसून भट्टीपर्यंत आणणारे वेगळे, फावड्याने आत टाकणारे वेगळे, राख काढणारे वेगळे. लढाई लांबली की माणसं थकतात, भट्ट्यांत राख आणि खंगर साचतो, वेग उतरतो. नेमका हवा असतो तेव्हाच उतरतो. तेलाला हे काही नाही. पंप, गाळणी, बर्नर, आणि व्हॉल्व्ह फिरवणारा एक माणूस. त्याच वजनाचं तेल कोळशाहून बरीच जास्त उष्णता देतं, समुद्रात चालता चालता नळीने भरता येतं. कोळसा भरायचा म्हणजे अख्खं जहाज दिवसभर काळंठिक्कर, अधिकाऱ्यांपासून पोऱ्यांपर्यंत सगळे पोती ओढायला.

वाईट बाजूही होती. बाजूच्या बंकरांतला कोळसा पाणतीर आणि गोळ्यांपासून थोडंफार संरक्षण द्यायचा, ते गेलं. आणि मोठी अडचण ही की इंग्लंडच्या पोटात कोळसा होता, तेल नव्हतं. फिशर यांच्या अध्यक्षतेखाली तेलावर रॉयल कमिशन नेमलं गेलं. सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे ५१ टक्के भाग २२ लाख पौंडांना घ्यायचं ठरवलं आणि १७ जून १९१४ ला पार्लमेंटने त्याला मान्यता दिली. महायुद्ध पेटायला जेमतेम सात आठवडे उरले होते.

वॉरस्पाइटचा कणा डेव्हनपोर्टच्या सरकारी गोदीत ३१ ऑक्टोबर १९१२ ला बसला, जलावतरण २६ नोव्हेंबर १९१३ ला झालं आणि १९१५ च्या मार्चमध्ये ती सेवेत आली. लांबी १९५ मीटर, बाजूच्या चिलखताची जाडी ३३० मिलिमीटर. बहिणी चार: क्वीन एलिझाबेथ, बारहॅम, व्हॅलियंट आणि मलाया. जटलंड पुढच्या प्रतिसादात लिहितो.

मृण्मयी

वाचतेय. बंकर आणि स्टोकरांचा भाग फार आवडला. जटलंड सविस्तर लिहा, घाई करू नका.

तोफखाना

आगवाला, तुम्ही १७ जून १९१४ वर थांबलात. तिथून पुढची एक वाट आपल्याकडे येते, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

युद्ध सुरू झालं तशी इराणच्या आखातातल्या त्या तेलाची काळजी लागली. विहिरी डोंगरात, तिथून पाइपलाइन अबादानच्या रिफायनरीपर्यंत, आणि समोरच्या तीरावर तुर्की सत्ता. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून फौज निघाली ती सहावी डिव्हिजन, जिचं नावच पूना डिव्हिजन. मोहिमेचे इतरही हेतू होते, आखातातल्या अरब शेखांवर वजन ठेवायचं होतं. पण तेलाचं रक्षण त्या यादीत होतंच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिली ब्रिगेड आजच्या इराकमधल्या फाओला उतरली, तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. मागून आलेल्या ब्रिगेडांत १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. कोकणातली आणि घाटावरची पोरं.

बसरा पडलं, मग हाव वाढली. तेलाच्या रक्षणाला गेलेली फौज बगदादकडे ढकलली गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडली, मागे हटून कुतला आली आणि डिसेंबरपासून वेढ्यात सापडली. या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. घोडे आणि खेचरं खाऊन दिवस काढले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तेराएक हजार माणसं कैदेत गेली आणि त्यातली हजारो परत आली नाहीत.

जटलंडची लढाई ३१ मे १९१६ ची. म्हणजे कुत पडल्यानंतर बत्तिसाव्या दिवशी. नौदलाच्या इतिहासात ही दोन पानं शेजारी छापलेली सहसा दिसत नाहीत. मला ती कायम शेजारी दिसतात.

दीपस्तंभ

तोफखाना, प्रतिसाद मोलाचा आहे. एक भर घालतो, नाहीतर वाचणाऱ्याचा समज होईल की जटलंडला वॉरस्पाइटच्या बर्नरमध्ये इराणचंच तेल होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाला लागणाऱ्या तेलाचा मोठा वाटा अटलांटिक ओलांडून, मुख्यतः अमेरिकेतून आला. जर्मन पाणबुड्यांनी १९१७ मध्ये टँकर बुडवायला सुरुवात केली तेव्हा साठे इतके खाली गेले की मोठ्या जहाजांना वेग कमी ठेवायची सूचना द्यावी लागली. म्हणजे तेलाचा जुगार जहाजाच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आणि देशाच्या दृष्टीने फार धोक्याचा होता. अबादानचं महत्त्व पुढे वाढत गेलं.

आणि आगवाला, तुमच्या मुख्य मुद्द्याशी मी अजून सहमत नाही. ती वाचली यात नशिबाचा भाग मोठा आहे. जटलंड येऊ दे, मग बोलू.

आगवाला

तोफखाना, हे इथे आलं याचा फार आनंद झाला. दीपस्तंभ, अमेरिकेच्या तेलाचं बरोबर आहे.

जटलंड. पाचवी बॅटल स्क्वाड्रन, प्रमुख रिअर ॲडमिरल ह्यू एव्हन-थॉमस. बारहॅम, व्हॅलियंट, वॉरस्पाइट, मलाया या चार. क्वीन एलिझाबेथ गोदीत होती. त्यांना या वेळी ॲडमिरल बीटीच्या बॅटलक्रूझरांबरोबर (वेगवान, पण पातळ चिलखताच्या मोठ्या नौका) पाठवलं होतं, कारण इतक्या वेगाच्या बॅटलशिप दुसऱ्या नव्हत्याच. बीटी वळला तेव्हा झेंड्यांचा इशारा एव्हन-थॉमसपर्यंत वेळेवर पोचला नाही आणि या चार नौका मैलोगणती मागे पडल्या. तरीही त्यांनी अंतर भरून काढलं आणि अठरा-एकोणीस हजार यार्डांवरून जर्मन बॅटलक्रूझरांवर नेमका मारा सुरू केला. संध्याकाळी अख्खा जर्मन ताफा समोर आला तेव्हा माघार घेताना शेपटाला याच चौघी होत्या.

सहाच्या पुढे स्क्वाड्रन मुख्य ताफ्याच्या मागे रांगेत शिरायला वळत होती. पुढच्या जहाजाला टाळायला वॉरस्पाइटचं सुकाणू झपकन फिरवलं आणि ते तिथेच अडकलं. सुकाणूचं इंजिन आधीच्या माऱ्याने पिचलेल्या भागालगत होतं आणि त्याचं बेअरिंग तापलं होतं. पूर्ण वेगात जहाज शत्रूकडे वळायला लागलं. कॅप्टन एडवर्ड फिलपॉट्सपुढे दोनच मार्ग: थांबायचं, म्हणजे उभं निशाण व्हायचं, किंवा वेग ठेवून गोल पुरा करायचा. त्यांनी वेग ठेवला. तिने दोन पूर्ण फेरे घेतले आणि त्या दोन फेऱ्यांत जड तोफांचे तेरा गोळे खाल्ले. दिवसभरातले धरून पंधरा.

त्या फेऱ्यांच्या आत वॉरियर नावाची मोडून पडलेली क्रूझर होती. जर्मन तोफा वॉरियर सोडून या मोठ्या सावजाकडे वळल्या. वॉरियर दुसऱ्या दिवशी बुडाली, पण तोवर तिच्यावरची सातशेहून अधिक माणसं एंगाडाइन या सीप्लेनवाहू जहाजाने उतरवून घेतली होती. वॉरस्पाइटने हे मुद्दाम केलं नव्हतं, तरी वॉरियरच्या खलाशांच्या मनात ती कायमची घर करून राहिली.

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की पंधरा जड गोळे खाऊनही तिच्या बॉयलर आणि टर्बाइन शाबूत होत्या. मृत चौदा. त्याच दिवशी क्वीन मेरी, इन्डिफॅटिगेबल आणि इन्व्हिन्सिबल या तीन ब्रिटिश बॅटलक्रूझर दारूगोळ्याच्या स्फोटाने क्षणात गेल्या, प्रत्येकीवर हजारेक माणसं. वेग हवा म्हणून त्यांचं चिलखत पातळ ठेवलं होतं. वॉरस्पाइटला तेलामुळे वेगही मिळाला आणि चिलखतही सोडावं लागलं नाही.

रेवदंडा

जटलंडच्या वेळी वॉरस्पाइटवर कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी होता कमांडर हंफ्री वॉलविन. आगीचे बंब, फुटलेल्या भिंती, शिरणारं पाणी हे सगळं त्याच्याकडे. मारा चालू असताना तो एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर भोकं बघत, बुजवायला माणसं लावत फिरला आणि नंतर त्याने ते लिहून ठेवलं. लढाईचा नकाशा त्यात नाही. त्याच्यापुढे गोळा बाजूच्या पत्र्यातून आत येऊन फुटतो, मग ज्वाळा, धूर, धूळ, दुर्गंधी, काही दिसेनासं होतं, आणि मग हळूहळू कळतं की कुठला नळ फुटलाय आणि पाणी कुठून येतंय. जहाजाच्या आतून जटलंड कसं होतं हे ज्या मोजक्या लिखाणांतून कळतं त्यातलं ते एक.

हाच वॉलविन १९२८ मध्ये मुंबईला रॉयल इंडियन मरीनचा डायरेक्टर म्हणून आला. २ ऑक्टोबर १९३४ ला मुंबईत रॉयल इंडियन नेव्हीची स्थापना झाली तेव्हा तिचा पहिला प्रमुख तोच. आजच्या भारतीय नौदलाची वंशावळ मागे नेली की १९३४ ला हा माणूस भेटतो, आणि आणखी अठरा वर्षं मागे नेली की तो वॉरस्पाइटच्या जळत्या डेकवर सापडतो.

मृण्मयी

रेवदंडा, हे माहीतच नव्हतं! वाचनखूण साठवली.

काका, ते सुकाणू नंतर नीट झालं का?

आगवाला

कधीच पूर्णपणे नाही. १९३७ मध्ये एवढी मोठी पुनर्बांधणी करून बाहेर पडली तरी चाचण्यांतच सुकाणूने त्रास दिला. पंधरा गोळे बसलेल्या जहाजाची पाठ सरळ राहत नाही, शाफ्टच्या रेषा आणि पाया हलतात. गोदीत सगळं मोजून लावलं तरी पाण्यात गेल्यावर ताण पडतो तो वेगळाच.

दीपस्तंभ

आता माझा मुद्दा. पाच बहिणींचा आराखडा एक, बॉयलर एकच, तेल एकच. तरी २५ नोव्हेंबर १९४१ ला बारहॅमला यू-३३१ या पाणबुडीचे तीन पाणतीर लागले आणि चार-पाच मिनिटांत ती स्फोट होऊन गेली, साडेआठशेहून अधिक माणसांसह. महिना उलटायच्या आत, १९ डिसेंबरला, अलेक्झांड्रिया बंदरात इटालियन पाणबुड्यांनी, म्हणजे बोटींनी नव्हे, पाण्याखालचा पोशाख घालून आलेल्या माणसांनी, क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट यांच्या तळाशी सुरुंग लावले आणि दोन्ही तळाला बसवल्या. वॉरस्पाइट त्या वेळी कुठे होती? अमेरिकेत ब्रेमर्टनला दुरुस्तीसाठी. आणि ती तिथे का, तर मे महिन्यात क्रीटपाशी बॉम्ब लागला म्हणून. बॉम्ब लागला नसता तर ती त्याच बंदरात, त्याच साखळीला असती. याला नशीब नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आगवाला

अलेक्झांड्रियाचं नशीब मान्य. त्याला दुसरं नाव नाही. पण पाचही जणींचे बॉयलर १९४१ मध्ये एकसारखे नव्हते, आणि माझा सगळा मुद्दा तिथे आहे.

१९३४ ते १९३७ वॉरस्पाइट पोर्ट्समथला होती. बाहेरचा सांगाडा ठेवून आतून जवळजवळ नवं जहाज केलं. चोवीस यारो बॉयलर काढले आणि त्यांच्या जागी बसवले फक्त सहा, ॲडमिरल्टी नमुन्याचे तीन ड्रमांचे. टर्बाइनही नव्या, ताकद ८०,००० अश्वशक्ती. पूर्वी चोवीस नॉटच्या आसपास तासाला ४१ टन तेल जायचं, ते २७ वर आलं. यंत्रांचं वजन सुमारे १,५०० टनांनी घटलं.

जहाजावर पंधराशे टन म्हणजे काय ते जहाजावर काम केलेल्यालाच कळतं. तिथे एक टन वर चढवायचा तर कुठून तरी उतरवावा लागतो. हे उतरवलेलं वजन डेकच्या चिलखतात घातलं: दारूगोळ्यावर पाच इंच, यंत्रांवर साडेतीन इंच. म्हणजे १९१२ मध्ये ज्याचा कुणी विचारही केला नव्हता त्या विमानातल्या बॉम्बपासूनचं संरक्षण बॉयलर रूममधून निघालं. तेलाच्या टाक्या, नळ, पंप असा सगळा आराखडा आधीच तेलाचा होता. कोळशाचं जहाज असतं तर आधी बंकर फोडून टाक्या कराव्या लागल्या असत्या.

तोफांचा वर उचलण्याचा कोन वीस अंशांवरून तीस केला. याचा परिणाम ९ जुलै १९४० ला कॅलाब्रियाच्या लढाईत दिसला. वॉरस्पाइटचा गोळा इटालियन ज्युलिओ चेझारेला सुमारे २६,००० यार्डांवरून लागला. जवळजवळ चोवीस किलोमीटर! चालत्या जहाजावरून चालत्या जहाजाला इतक्या लांबून लागलेले गोळे इतिहासात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि त्याच लढाईत तिची सख्खी बहीण मलाया सोबत होती. तशाच तोफा, पण कोन जुना. तिचे गोळे अलीकडेच पाण्यात पडत राहिले. मलाया आणि बारहॅम यांची अशी पुनर्बांधणी झालीच नाही. बारहॅमला पाणतिरांनी गाठलं, तिथे कुठलं डेक-चिलखत उपयोगी पडलं असतं असं मी म्हणणार नाही. पण नशीब सगळ्यांना सारखं धरलं तरी वॉरस्पाइटच्या हातात हत्यार वेगळं होतं.

तोफखाना

नार्विक राहतंय. १३ एप्रिल १९४०, नॉर्वेचा ऑफोटफ्योर्ड. दोन्ही बाजूंना बर्फाळ कडे, मधे चिंचोळं पाणी, आत जर्मन विनाशिका अडकलेल्या. तिथे नऊ विनाशिकांसह ही तीस हजार टनांची नौका शिरली. पुढे पाहणीला तिच्या कॅटपल्टवरून उडालेलं स्वोर्डफिश सीप्लेन. त्या विमानाने वाटेत यू-६४ ही पाणबुडी नांगरलेली पाहिली आणि बॉम्ब टाकून बुडवली, त्या युद्धात ब्रिटिश नौदलाच्या विमानाने बुडवलेली पहिली यू-बोट. फ्योर्डमधल्या आठही जर्मन विनाशिका त्या दिवशी संपल्या. विमानाची शेड आणि कॅटपल्ट हेही त्या पुनर्बांधणीतलंच, आणि जागा मिळाली कारण धुराडं लहान झालं होतं. सहा बॉयलरांना मोठं धुराडं कशाला?

मॅटापानच्या लढाईबद्दल थोडंच. २८ मार्च १९४१ ची रात्र, वॉरस्पाइट, व्हॅलियंट आणि बारहॅम, समोर इटालियन क्रूझर झारा आणि फ्युमे, तोफा सरळ पुढे-मागे तोंड करून, कशाचीही कल्पना नाही. अंतर साडेतीन किलोमीटर. पंधरा इंची तोफांना हे अंतर म्हणजे काहीच नाही. काही मिनिटांत दोन्ही क्रूझर पेटल्या. पोला आणि दोन विनाशिकाही त्या रात्री गेल्या, दोन हजारांहून जास्त इटालियन खलाशी मेले. ब्रिटिशांचा विजय मोठा, पण वाचताना मला तरी त्यात आनंद वाटत नाही.

रेवदंडा

आगवाला, तुमच्या तेलाच्या मुद्द्याला एक पुरावा हिंदी महासागरातला आहे, आणि तो मला सर्वांत भक्कम वाटतो.

क्वीन एलिझाबेथ वर्गानंतर ब्रिटिशांनी रॉयल सॉव्हरिन वर्ग, म्हणजे आर वर्ग, आखला. तोफा त्याच, पंधरा इंची आठ. पण तेलाची भीती वाटली म्हणून आराखडा पुन्हा मुख्यतः कोळशावर, वेग एकवीस नॉटच्या आसपास. १९१४ च्या अखेरीस फिशर परत आले आणि त्यांनी त्यांनाही तेलावर वळवलं. पण सांगाडा कमी ताकदीचाच आखलेला होता, वेग फार वाढला नाही.

आता एप्रिल १९४२. जपानी ॲडमिरल नागुमोच्या विमानवाहू नौका श्रीलंकेवर आल्या. ५ तारखेला कोलंबोवर हल्ला, कॉर्नवॉल आणि डॉर्सेटशायर या ब्रिटिश क्रूझर बुडाल्या. ९ तारखेला त्रिंकोमालीवर, हर्मीस ही विमानवाहू नौका बुडाली. ब्रिटिश ईस्टर्न फ्लीटचे प्रमुख ॲडमिरल सॉमरव्हिल वॉरस्पाइटवर होते. त्यांना ताफ्याचे दोन भाग करावे लागले. जलद भागात वॉरस्पाइट आणि दोन विमानवाहू नौका, इंडॉमिटेबल आणि फॉर्मिडेबल. मंद भागात त्याच चार आर वर्गाच्या बॅटलशिप. तोफा सारख्या, तरी त्या विमानवाहू नौकांबरोबर धावू शकत नव्हत्या. त्यांना थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला किलिंडिनीकडे पाठवून दिलं, आणि वॉरस्पाइटसह जलद भाग मुंबईला आला. १९१३ मध्ये कोळशाकडे टाकलेलं एक पाऊल मागे, त्याची किंमत एकोणतीस वर्षांनी भरावी लागली.

अवांतर, पण आपल्या शहराशी जोडलेलं: व्हॅलियंट १९४४ मध्ये त्रिंकोमालीला तरंगत्या गोदीत चढवली होती. ही अजस्र गोदी मुंबईत बांधून तिकडे ओढत नेली होती. ८ ऑगस्टच्या रात्री गोदी जहाजाच्या वजनाखाली मोडली आणि बुडाली. व्हॅलियंटची मागची बाजू आणि सुकाणू असं चेपलं की ती पुन्हा लढाईत उतरलीच नाही.

दीपस्तंभ

रेवदंडा, आर वर्गाची तुलना पटली. तोफा, चिलखत, देश, काळ सारखे ठेवून फक्त वेग बदलला तर काय होतं ते यात स्वच्छ दिसतं. आगवाला, तुमचा मुद्दा तितक्यापुरता मी घेतो. अलेक्झांड्रिया मात्र सोडत नाही.

आगवाला

सोडू नका, ते खरंच आहे.

शेवटचा टप्पा लिहून टाकतो. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीचा ताफा शरण आला तेव्हा त्याला सोबत करायला वॉरस्पाइट होती. काही दिवसांत सालेर्नोला पायदळाच्या मदतीसाठी मारा करत असताना, १६ सप्टेंबरला, जर्मन विमानातून सोडलेला फ्रिट्झ-एक्स हा रेडिओने वळवता येणारा बॉम्ब तिच्यावर आला. धुराड्याजवळून शिरला, सहा डेक भेदत बॉयलर रूममधून खाली गेला आणि दुहेरी तळाशी फुटला. तळाला वीसेक फुटांचं भगदाड. बॉयलर रूममध्ये पाणी, वाफ गेली, सुकाणूही गेलं. नऊ जण ठार. पहिल्या महायुद्धाआधी आखलेल्या जहाजावर मार्गदर्शित बॉम्ब. असं आयुष्य किती जहाजांना मिळालं असेल?

तिला ओढत माल्टाला नेलं. पुढे रोझाइथला दुरुस्ती झाली, पण पुरी नाही. भगदाडावर काँक्रीट घातलं. एक बॉयलर रूम आणि मागचा एक्स टरेट तसेच बंद ठेवले. अशा अवस्थेत ६ जून १९४४ ला ती नॉर्मंडीसमोर उभी राहिली आणि उरलेल्या सहा तोफांनी व्हिलरव्हिलच्या जर्मन तोफखान्यावर मारा केला. आठवड्याने हारविचजवळ सुरुंगावर गेली, तरी नंतर ब्रेस्ट आणि ल आव्र, आणि १ नोव्हेंबर १९४४ ला वाल्खरेन. एका बॉयलर रूमविना युद्धनौका लढवणं यातला त्रास मला चांगला कळतो. वाफ कमी म्हणजे तोफा फिरवायला लागणाऱ्या हायड्रॉलिक पंपांपासून दिव्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीत हिशेब. ज्यांनी तिचं इंजिन त्या सहा महिन्यांत चालतं ठेवलं, त्यांच्याबद्दल मला तोफखान्यावरच्या लोकांइतकाच आदर आहे.

१९४६ मध्ये भंगारात विकली. एप्रिल १९४७ मध्ये पोर्ट्समथहून स्कॉटलंडला ओढत नेताना वादळात दोर तुटले आणि ती कॉर्नवॉलला प्रशिया कोव्हपाशी खडकांवर चढली. वरचे मोजके लोक पेनलीच्या लाइफबोटीने काढले. १९५० मध्ये तिला हलवून माराझियनपाशी, सेंट मायकल्स माउंटच्या समोर आणून टेकवलं आणि पुढची काही वर्षं तिथेच तोडत राहिले.

अटलांटिकपार

मी लंडनला राहतो. मुलीला घेऊन म्युझियम बघायला जाणार आहे. वॉरस्पाइटचं काही शिल्लक आहे का? इम्पीरियल वॉर म्युझियमच्या दारातल्या त्या दोन मोठ्या तोफा तिच्याच का?

रेवदंडा

तिच्या नाहीत, पण जातीने त्याच. पंधरा इंची मार्क वन. एक रामिलीजवर होती, दुसरी रिझोल्यूशनवर, म्हणजे वर लिहिलेल्या मंद आर वर्गातल्याच दोघी. प्रत्येक तोफ सुमारे शंभर टनांची आणि साडेसोळा मीटर लांब. शेजारी गोळे उभे करून ठेवलेत, मुलीला त्यांच्या बाजूला उभं करा, म्हणजे ८७० किलोचा अंदाज येईल. कॉर्नवॉलला कधी गेलात तर माराझियनला किनाऱ्यावर वॉरस्पाइटच्या स्मरणाचा दगड आहे.

आगवाला

आणि वेळ असेल तर टेम्सवर बेलफास्ट आहे, तिथे अवश्य जा. ती क्रूझर आहे आणि १९३८ ची, पण तिच्या बॉयलर रूममध्ये लोखंडी शिडीने खाली उतरता येतं. तिथले बॉयलर ॲडमिरल्टी नमुन्याचे तीन ड्रमांचेच आहेत, वॉरस्पाइटला १९३७ मध्ये बसवले त्याच घराण्यातले. बर्नर कुठे आहेत ते मुलीला दाखवा, आणि दोन बॉयलरांच्या मधे माणसाला उभं राहायला किती जागा आहे तेही.